कोर्ट विचारते, तुमचे काय बिघडले?



या सदरात आम्ही आजवर बहुतेक इथल्याच कायद्याविषयी लिहीत आलो. खोलीची भाडेपावती कुणाच्या नावावर, नोकरी सुटल्यावर ग्रॅच्युइटी कशी मागायची, जातीच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, अशा रोजच्या प्रश्नांची उकल करणे हेच या सदराचे काम. या वेळी मात्र जरा लांब जायचे आहे, थेट अमेरिकेत. कारणही घरचेच आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी गोदीत, गिरणीत आणि रेल्वेच्या यार्डात घाम गाळला, त्यांची नातवंडे आता कॉम्प्युटर शिकून तिकडे जाऊ लागली आहेत. रविवारी विहारात वंदना आटोपली की कुणी ना कुणी विचारतेच, “अमेरिकेच्या कोर्टाने जातीविरुद्ध निकाल दिला म्हणे. मग आता आपल्या पोरांना तिकडे भीती नाही ना?”

प्रश्न विचारणाऱ्या आईच्या डोळ्यांतला आनंद आम्ही पाहिला आहे. त्या आनंदावर पाणी टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण निकाल अर्धा ऐकून पेढे वाटायचे आणि वेळ आली की कपाळाला हात लावायचा, ही सवय आपल्याला परवडणारी नाही. म्हणून ते निकाल काय आहेत, कोणत्या मुद्द्यावर लागले आणि त्यातून आपल्या लेकरांच्या पदरात नेमके काय पडले, ते आज पाहू.

हे कोर्ट कोणते?

अमेरिकेत न्यायालयांची दोन घरे आहेत. एक राज्यांचे आणि दुसरे केंद्राचे. केंद्राच्या कोर्टाला तिकडे फेडरल कोर्ट म्हणतात. त्यातले खालचे, म्हणजे जिथे दावा पहिल्यांदा दाखल होतो आणि साक्षीपुरावे होतात, ते फेडरल जिल्हा न्यायालय. देशभरात अशी ९४ न्यायालये आहेत. त्यांच्यावर अपील न्यायालये आणि सर्वांत वर सुप्रीम कोर्ट. जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सेनेटची संमती लागते, आणि एकदा नेमणूक झाली की ती तहहयात असते.

आम्ही ज्यांविषयी लिहीत आहोत ते सारे दावे दिवाणी आहेत. म्हणजे यात कुणाला बेड्या पडत नाहीत. दिवाणी दाव्यात माणूस नुकसानभरपाई मागतो, नाहीतर “हे थांबवा” असा मनाई हुकूम मागतो.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने फेडरल कोर्टाला फक्त खरोखरच्या तंट्याचा निकाल करण्याचा अधिकार दिला आहे. नुसती शंका, नुसता सल्ला, नुसते मतभेद यांवर ते कोर्ट बोलत नाही. तिकडच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ सालच्या एका निकालात ही कसोटी तीन प्रश्नांत स्पष्ट मांडली. तुमचे प्रत्यक्ष काय बिघडले, किंवा आता लवकरच काय बिघडणार? ते प्रतिवादीमुळेच बिघडले का? आणि कोर्टाने तुमच्या बाजूने निकाल दिला तर ते दुरुस्त होईल का? या तिन्हींची उत्तरे देता आली तरच दावा लावण्याचा अधिकार मिळतो. नाहीतर कोर्ट म्हणते, आपण पायरीवरूनच परत फिरा.

आपल्याकडे गोष्ट थोडी निराळी आहे. १९८१ सालच्या निकालापासून आपल्या सुप्रीम कोर्टाने जनहित याचिकेचा दरवाजा मोकळा केला. दगडखाणीतल्या वेठबिगारांविषयी आलेले एक पत्रच कोर्टाने याचिका म्हणून चालवले. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात असे पत्र चालले नसते. “घाव कुणाला लागला तो समोर या,” असेच त्या कोर्टाने सांगितले असते.

दावा पहिला : विद्यापीठाचा

कॅलिफोर्निया राज्यात कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी नावाचे मोठे सरकारी विद्यापीठ आहे. राज्यभर त्याची वीसहून अधिक संकुले आहेत आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थी तिथे शिकतात. त्यातल्या दलित विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आवाज उठवल्यावर जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठाने भेदभावविरोधी नियमांत “जात” हा शब्द घातला. वंश आणि कुळ याच्या खुलाशात जातही धरली.

दोन भारतीय वंशाचे प्राध्यापक त्याविरुद्ध ऑक्टोबर २०२२ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, जात म्हटले की जग हिंदूंकडे बोट दाखवते, त्यामुळे या शब्दाने आमच्या धर्माला बट्टा लागतो, आणि जात म्हणजे काय हे नियमात स्पष्ट नसल्याने आम्ही नकळत आरोपी ठरू शकतो.

न्यायाधीशांनी २०२३ सालात दोन टप्प्यांत हा दावा निकालात काढला. बहुतेक मुद्द्यांवर उत्तर एकच होते. तुमच्यावर अजून कुणी कारवाई केलेली नाही, आणि कारवाई होईल असे काही तुम्ही करणार आहात असेही तुम्ही म्हणत नाही, मग तुमचे बिघडले काय? धर्माला लक्ष्य केल्याच्या आरोपावरही नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. त्या नियमात कोणत्याही धर्माचे नावच नव्हते. प्राध्यापक अपिलात गेले. २०२५ साली अपील न्यायालयानेही सांगितले की आपले प्रत्यक्ष नुकसान त्यांना दाखवता आलेले नाही.

दावा दुसरा : सिअ‍ॅटल शहराचा

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी शहराच्या कायद्यात जातीवरून भेदभावाला बंदी केली. असा कायदा करणारे अमेरिकेतले ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या महाराष्ट्रातल्या, पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरानेही तसाच कायदा केला.

सिअ‍ॅटलच्या कायद्याविरुद्धही फेडरल जिल्हा न्यायालयात दावा पडला. दावा लावणारे गृहस्थ त्या शहरात राहणारे नव्हते. २०२४ साली कोर्टाने तो दावाही काढून टाकला. मुद्दा पुन्हा तोच. या कायद्याने तुमचे काय बिघडले ते दाखवा.

दावा तिसरा : राज्याच्या नागरी हक्क विभागाविरुद्धचा

हा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने (तेव्हा त्याचे नाव वेगळे होते) सिस्को या मोठ्या कंपनीवर आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांवर दावा लावला. एका दलित इंजिनिअरला त्याच्या जातीवरून वागणुकीत फरक केला, आणि त्याने तक्रार केल्यावर त्याला मागे ठेवले, असा विभागाचा आरोप. कंपनीने तो नाकारला. तो दावाही आधी फेडरल कोर्टातच दाखल झाला होता, पण त्याच वर्षी विभागाने तो तिथून काढून राज्याच्या कोर्टात नव्याने लावला. एप्रिल २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीवरचा मात्र चालू ठेवला.

या प्रकरणाने चिडून हिंदू अमेरिकन फाउंडेशन या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये उलट त्या विभागावरच फेडरल कोर्टात दावा ठोकला. त्यांचे म्हणणे असे की, जात हा हिंदू धर्माचा भाग आहे असे सरकारने ठरवून टाकले आणि त्याने आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला पडला. ऑगस्ट २०२३ अखेर कोर्टाने तो दावा काढून टाकला, पण दुरुस्त करून पुन्हा आणण्याची मुभा दिली. संस्थेने तो दुरुस्त करून आणला. जुलै २०२५ मध्ये कोर्टाने तोही काढून टाकला.

मग जिंकले कोण?

तिन्ही ठिकाणी जातीविरुद्धचा नियम आणि जातीविरुद्ध लढणारा विभाग टिकून राहिला. हे छोटे नाही. तिन्ही दावे टिकले असते तर एकाही शहराने, एकाही विद्यापीठाने पुन्हा “जात” हा शब्द लिहिण्याचे धाडस केले नसते. म्हणून आनंद जरूर माना.

पण वाचकहो, कोर्टाने काय म्हटले नाही तेही वाचा. “जातिभेद हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे,” असे या तिन्ही निकालांत कुठेही ठरलेले नाही. “जात सिद्ध करायची कशी, त्याला भरपाई किती,” यावर एक ओळही नाही. कोर्टाने एवढेच सांगितले की समोर उभ्या असलेल्या माणसांना घाव लागलेला नाही. हे पायरीवरचे निकाल आहेत. आतल्या दालनातला निकाल अजून व्हायचा आहे.

नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध अमेरिकेचा जो १९६४ चा केंद्रीय नागरी हक्क कायदा आहे, त्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ असे पाच शब्द आहेत. जात हा शब्द नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२३ साली राज्याच्या कायद्यात जात स्पष्ट लिहिण्याचे विधेयक मंजूर केले होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. कारण दिले की आधीच्या कायद्यात पूर्वजांवरून भेदभावाला बंदी आहेच, वेगळा शब्द नको. म्हणजे दार आहे, पण दारावर आपल्या नावाची पाटी नाही. आत जाणाऱ्याने आधी हे आपलेच दार आहे, हे पटवायचे.

घाव कुणाला आणि कोर्टात कोण?

आम्हाला सर्वांत टोचते ती गोष्ट आता सांगतो. या तिन्ही दाव्यांत कोर्टात धावून गेले कोण? ज्यांना जातीचा चटका कधी बसला नाही ते. त्यांना वकील मिळाले, वेळ मिळाला, धीर मिळाला. आणि ज्याला खरोखर घाव लागतो तो कुठे असतो? तो गप्प असतो.

का गप्प असतो, हेही समजून घ्या. आपला मुलगा कामाच्या व्हिसावर गेलेला असतो. तो व्हिसा कंपनीच्या नावाशी बांधलेला. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायकामुलांसह बॅगा भरायच्या. इथे घरी कर्जाचा हप्ता चालू असतो, बहिणीचे लग्न ठरलेले असते. त्यातून तक्रार करायची म्हणजे आधी आपली जात चारचौघांत सांगायची. जेवणाच्या टेबलावर ज्यांनी कधी आडनाव विचारून, कधी “तू मांस खातोस का” विचारून चाचपणी केली, त्यांनाच आयते उत्तर द्यायचे. सिस्को प्रकरणातल्या इंजिनिअरचे खरे नाव दाव्यात लिहिलेले नाही, आणि दावाही त्याने एकट्याने नव्हे तर सरकारी विभागाने लावला. त्यामागे हीच भीती आहे.

पण कोर्टाचा नियम कुणाच्या भीतीने वाकत नाही. “तुमचे काय बिघडले,” हा प्रश्न ज्या धारेने त्या प्राध्यापकांना विचारला गेला, त्याच धारेने उद्या आपल्या मुलीला विचारला जाईल. तेव्हा “साहेब, सगळे माहीतच आहे, आमच्यावर हजारो वर्षे अन्याय झाला,” हे उत्तर चालणार नाही. अन्याय खरा आहे, इतिहास खरा आहे. पण कोर्टाला तारीख पाहिजे, माणूस पाहिजे, शब्द पाहिजे, आणि त्या शब्दाने झालेले नुकसान पाहिजे.

महाडचा धडा

हे आम्ही कुठल्या पुस्तकी ज्ञानातून सांगत नाही. बाबासाहेबांनी हेच करून दाखवले आहे.

२० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्यानंतरचा दिवाणी दावा किती जणांना ठाऊक आहे? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादींत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या डिसेंबरात हजारो लोक महाडला जमले होते, मनुस्मृतीचे दहन झाले, पण मनाई हुकूम आहे म्हणून तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी पुढे ढकलला. रक्त तापलेले असताना कायद्याचा मान राखणे किती कठीण, याचा विचार करा.

मग दावा चालला. सवर्णांचे म्हणणे, तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादिकाळापासून आहे. कोर्टाने म्हटले, अनादिकाळापासून म्हणता, तर पुरावा दाखवा. तो त्यांना दाखवता आला नाही. १९३१ साली महाडला निकाल आपल्या बाजूने लागला, जिल्हा न्यायालयाने तो कायम केला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यावर शिक्का मारला. सत्याग्रहापासून दहा वर्षे!

आता बारकाईने पाहा. हायकोर्टाने “अस्पृश्यता पाप आहे” असे म्हणून तो निकाल दिला नाही. वहिवाट सिद्ध झाली नाही, एवढ्या अरुंद मुद्द्यावर तो निकाल लागला. म्हणजे महाडलाही आपण पायरीशेजारच्याच मुद्द्यावर जिंकलो. अस्पृश्यतेवर घाव घालायला भारताची राज्यघटना आणि तिचे १७ वे कलम यावे लागले. अरुंद निकाल हातात घेऊन बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत. मिळाली तेवढी जागा घट्ट धरायची आणि पुढच्या पायरीची तयारी करायची, ही त्यांची रीत. अमेरिकेच्या निकालांकडेही आपण त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

घरातल्या माणसांनी काय करावे?

ज्यांची मुले तिकडे आहेत किंवा जाणार आहेत, त्या आईबापांना आमची चार शब्दांची विनंती.

पहिली गोष्ट, मुलाला वही ठेवायला सांगा. काय झाले, कोणत्या तारखेला, कोण बोलले, कोण हजर होते, आणि त्यानंतर कामात, पगारात, बढतीत काय फरक पडला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. वर्षानंतर आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्या रात्री लिहिलेली चार वाक्ये कोर्टात वजनदार ठरतात. मात्र कंपनीचे गुप्त कागद उचलून घरी आणू नयेत. त्याने आपलीच बाजू लंगडी होते.

दुसरी गोष्ट, तक्रार तोंडी करू नये, लेखी करावी. भेदभावाची तक्रार केली म्हणून सूड उगवणे हा तिकडच्या कायद्यात वेगळा अपराध आहे. पण तक्रार केल्याचा कागदच नसेल तर सूड सिद्ध कसा होणार?

तिसरी गोष्ट, मुदत. केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार १८० दिवसांत करावी लागते, आणि ज्या राज्यांत राज्याची स्वतःची यंत्रणा आहे तिथे ३०० दिवसांत. कॅलिफोर्नियात राज्याच्या विभागाकडे नोकरीविषयीची तक्रार तीन वर्षांच्या आत करता येते. “बघू पुढच्या महिन्यात” म्हणता म्हणता हक्क हातचा जातो. इथे ग्रॅच्युइटीच्या बाबतीत आपल्यापैकी कितीजणांनी हे भोगले आहे.

चौथी गोष्ट, आणि ती आईबापांसाठीच आहे. मुलगा फोनवर काही बोलला तर “जाऊ दे बाळा, आपण परक्या मुलखात आहोत, गप्प बस” असे पटकन म्हणू नका. आम्हाला तुमची काळजी कळते. पण त्याचे आधी ऐकून घ्या. गप्प बसायचे की पुढे जायचे, हे त्याने तिकडच्या जाणत्या वकिलाला विचारून ठरवावे. निदान वही तरी लिहायला सांगा. तक्रार कधीच करायची नसली तरी वही लिहून काही बिघडत नाही. आणि करायची ठरली तर त्या वहीशिवाय काही साधत नाही.

तिकडे आपला माणूस अगदी एकटा आहे असेही नाही. आंबेडकरी संघटना अमेरिकेत अनेक वर्षे काम करीत आहेत. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, धम्मदीक्षेच्या दिनी, मेरिलँड राज्यात बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला, तो तिथल्या आपल्या लोकांच्या वर्गणीतून आणि कष्टांतून. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्यासाठी तिथे असे कुणीही नव्हते.

त्या विहारातल्या माउलीला आमचे उत्तर एवढेच. होय ताई, कोर्टाने आपल्या विरोधातले तीन दावे परत पाठवले. भीती थोडी कमी झाली, पण गेलेली नाही. ती जाईल तेव्हा, जेव्हा ज्याला घाव लागला तो स्वतःची तारीखवार वही हातात घेऊन त्या पायरीवर उभा राहील, आणि “तुमचे काय बिघडले” या प्रश्नाला न अडखळता उत्तर देईल. आपल्या लेकाला आज रात्री फोन कराल तेव्हा जेवलास का विचारा, आणि वही घेतलीस का तेही विचारा.

जयभीम.